हिरव्या दिव्याखाली अंधार

ॲप्लिकेशन सर्व्हर, म्हणजे वापरणाऱ्यांची ॲप्लिकेशन ज्याच्या आत चालतात तो (आमच्याकडे जावाचा) प्रोग्रॅम, सांभाळणाऱ्या माणसाला लोक एकच प्रश्न विचारतात: "सर्व्हर चालू आहे ना?" उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं हवं असतं, आणि तेही फोन ठेवायच्या आत. प्रामाणिक उत्तर द्यायचं तर निदान सहा-सात जागी बघावं लागतं, आणि त्या जागांची उत्तरं एकमेकांशी जुळतीलच असं नाही. पण "बघून सांगतो" म्हणणारा कामचुकार ठरतो. म्हणून मी आधी भिंतीवरच्या मोठ्या डॅशबोर्डकडे बघतो. तो हिरवा असतो. लॉगिन होत नाही म्हणून वापरणारे ओरडत असतात तेव्हाही तो हिरवाच असतो. किंबहुना तेव्हा जरा जास्तच टवटवीत दिसतो.

डॅशबोर्ड खोटं बोलतो असं मी म्हणणार नाही. तो बसवला त्या दिवशी जे मोजायला सोपं होतं ते त्याला मोजायला सांगितलं, आणि तो बिचारा तेवढंच इमानाने मोजत बसला आहे. अडचण अशी की सोपं ते मोजून झाल्यावर उरलेलं मोजायचं राहून गेलं, आणि सर्व्हर नेमका त्या उरलेल्यात आजारी पडतो.

सगळ्यात सोपं म्हणजे प्रोसेस जिवंत आहे का हे बघणं. पीएस या कमांडने चालू प्रोग्रॅमची, म्हणजे प्रोसेसची, यादी काढायची आणि ग्रेप या शोधणाऱ्या कमांडने त्यात 'जावा' शोधायचं. आता गंमत अशी की शोधणाऱ्या ग्रेपच्या स्वतःच्या ओळीतही 'जावा' हा शब्द असतो, आणि ती ओळही यादीत येते. त्यामुळे 'जावा सापडली तर सगळं ठीक' असं ठरवणारी स्क्रिप्ट सर्व्हर मरून पडला तरी आरशात स्वतःलाच बघून खूश राहते. अशा स्क्रिप्ट लिहिणारे बढती घेऊन निघून जातात, स्क्रिप्ट मागे राहतात. दुसरा प्रकार याच्या उलट. वेबलॉजिक (टॉमकॅट, वेबस्फिअरसारखाच एक ॲप्लिकेशन सर्व्हर) याचा नोड मॅनेजर किंवा लिनक्सचा सिस्टमडी मेलेली प्रोसेस पुन्हा उभी करतो. उत्तम सोय. पण दर वीस मिनिटांनी मरणारा आणि दर वीस मिनिटांनी उठणारा सर्व्हर डॅशबोर्डला सतत जिवंतच दिसतो. म्हणून प्रोसेस आहे का, यापेक्षा ती कधीपासून आहे हे विचारावं. सुरू झाल्याची वेळ आपल्या शेवटच्या रीस्टार्टशी जुळत नसेल तर मधे कोणीतरी गुपचूप मरून गेलेलं आहे. मेमरी संपली की प्रोसेस मारणाऱ्या लिनक्सच्या ओओएम किलरने मारलं असेल तर जावाच्या लॉगमध्ये एक अक्षर सापडत नाही. ते 'किल्ड प्रोसेस' डीमेसेजमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या (कर्नलच्या) नोंदींत, शोधावं लागतं. मृत्यूचा दाखला मृताच्या खिशात शोधू नये.

मग येतो पोर्ट, म्हणजे सर्व्हरचं नेटवर्कवरचं दार. ७००१ किंवा ८०८० ला टेलनेट करायचं, जोडणी झाली की "पोर्ट उघडा आहे, आमच्या बाजूने सगळं ठीक" असं नेटवर्कवाले सांगतात. ते खरंही असतं. पण टीसीपीची जोडणी जावा स्वीकारत नाही, कर्नल स्वीकारतो. जावा फुल जीसीमध्ये (मेमरीच्या मोठ्या साफसफाईत) डोळे मिटून पडलेली असली तरी कर्नल दारात उभा राहून येणाऱ्याचं हसतमुखाने स्वागत करतो आणि आतल्या रांगेत नेऊन बसवतो. टॉमकॅटमध्ये या रांगेची मूळ लांबी १०० आहे. रांग भरेपर्यंत बाहेरून सगळं सुरळीत दिसतं. विनंत्या अनेक सर्व्हरवर वाटणाऱ्या लोड बॅलन्सरची तपासणी केवळ टीसीपीची असेल तर तोही या स्वागताला भुलून आणखी पाहुणे पाठवत राहतो.

ॲडमिन कन्सोल हा त्यापुढचा साक्षीदार. वेबलॉजिकच्या कन्सोलवर सर्व्हरसमोर 'रनिंग' लिहिलेलं असतं आणि शेजारी हेल्थ 'ओके'. वेबस्फिअर तर सुरू झाला की लॉगमध्ये 'ओपन फॉर ई-बिझनेस' अशी घोषणाच करतो. एवढा उत्साह. आतलं ॲप्लिकेशन डेटाबेसअभावी उभंच राहिलेलं नसलं तरी दुकान मात्र उघडं! रनिंग म्हणजे सर्व्हरच्या चौकटीची तब्येत. चौकटीत बसवलेल्या ॲप्लिकेशनची नव्हे. डिप्लॉयमेंटची अवस्था वेगळ्या पानावर असते आणि तिथे 'ॲक्टिव्ह'च्या जागी 'प्रिपेअर्ड' किंवा 'फेल्ड' लिहिलेलं असू शकतं. त्या पानावर कोणी जात नाही, कारण पहिल्या पानावर हिरवं दिसलेलं असतं.

हेल्थ चेकचं पान हा उपाय म्हणावा, तर त्यातही दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाचं पान म्हणजे 'ओके' लिहिलेली एक स्थिर फाइल. ती बऱ्याचदा पुढचा वेब सर्व्हरच परस्पर देतो, त्यामुळे मागचा ॲप्लिकेशन सर्व्हर जमीनदोस्त झाला तरी २०० (म्हणजे 'सगळं ठीक') हे उत्तर येत राहतं. दुसरा पंथ कडवा. त्यांचं पान दर पाच सेकंदांनी डेटाबेस, मेल, रांगा, बाहेरच्या चार सेवा असं सगळं तपासतं. मग डेटाबेसला दहा सेकंदांची शिंक आली की सगळे नोड (एकाच कामाला लावलेले सर्व्हर) एकदम 'आजारी' जाहीर होतात, लोड बॅलन्सर सगळ्यांना एकदम बाहेर काढतो आणि शिंकेचं रूपांतर संपूर्ण बंदमध्ये होतं. माझं मत विचाराल तर लोड बॅलन्सरला फक्त 'हा नोड स्वतः काम करू शकतो का' एवढंच सांगावं, आणि ते सांगणारं पान खऱ्या विनंत्या ज्या थ्रेड पूलवर, म्हणजे सर्व्हरच्या आतल्या कामगारांच्या ताफ्यावर, चालतात त्याच पूलमधून यावं. डेटाबेसची चौकशी वेगळ्या पानावर, वेगळ्या ॲलर्टसाठी. माझं मत कोणी विचारत नाही हा भाग वेगळा.

आता मुख्य दुखणं: थ्रेड, म्हणजे एका वेळी एक विनंती हाताळणारा कामगार. टॉमकॅटमध्ये मूळ मर्यादा २०० थ्रेडची. हिशेब अगदी शाळकरी आहे. प्रत्येक विनंतीला ५० मिलिसेकंद लागत असतील तर २०० थ्रेड सेकंदाला ४००० विनंत्या उरकतात. तेच मागची एखादी सेवा सुस्तावली आणि प्रत्येक विनंती १० सेकंद अडकू लागली, तर तेच २०० थ्रेड सेकंदाला फक्त २० विनंत्या उरकतात. सर्व्हर तोच, हार्डवेअर तेच. आणि सीपीयू? सीपीयू ४ टक्क्यांवर, कारण सगळे नुसते वाट बघत बसलेले. सीपीयूचा आलेख पाहून "सर्व्हरवर लोडच नाही, मग स्लो कसा?" असं विचारणारे वरिष्ठ प्रत्येक ब्रिज कॉलवर (अडचणीच्या वेळी सगळ्यांना जोडून केलेल्या फोनवर) किमान एक असतात. "सर, लोड नाही म्हणूनच स्लो आहे," हे वाक्य कितीही बरोबर असलं तरी बोलून दाखवू नये.

वेबलॉजिक एका विनंतीवर ६०० सेकंद रुतून बसलेल्या थ्रेडला 'स्टक' असं बिरुद देतो. वेबस्फिअरची मर्यादाही मुळात १० मिनिटांचीच. बिरुद देतो म्हणजे देतो एवढंच. त्या थ्रेडला तो सोडवत नाही, मारतही नाही, कारण जावात चालता थ्रेड बाहेरून सुखरूप मारायची सोय नाही. शिवाय दहा मिनिटं म्हणजे वापरणारा माणूस पान रिफ्रेश करून, पुन्हा करून, तक्रार टाकून मोकळा झालेला असतो. त्याच्या प्रत्येक रिफ्रेशबरोबर आणखी एक थ्रेड कामी आलेला असतो, कारण ब्राउझरने आशा सोडली तरी सर्व्हरला ते कळत नाही. तो त्या सोडून गेलेल्या माणसासाठी उत्तर तयार करतच राहतो.

इथे थ्रेड डंप घ्यावा लागतो, आणि थ्रेड डंप घ्यायच्या कमांडचं बारसं ज्याने केलं त्याला ब्रिज कॉलची कल्पना नसावी. कमांड आहे 'किल मायनस ३'. "प्रोडक्शनवर किल मायनस ३ मारतोय," असं म्हटलं की कॉलवर सन्नाटा पसरतो. मग समजवावं लागतं की ही किल काही मारत नाही. ती जावाला फक्त 'तुझा प्रत्येक थ्रेड या क्षणी काय करतोय ते लिहून दे' असं सांगते. मारणारी ती मायनस ९, आणि ती लिहून वगैरे काही देत नाही. जेस्टॅक किंवा जेसीएमडी ही जावाचीच अवजारं वापरली तर हा खुलासा टळतो, पण जावा पार गोठली असेल तर त्या दोघांना ती दाद देत नाही. जावा ८ पर्यंत तेव्हा जेस्टॅकला 'फोर्स'चा पर्याय होता, जरा धसमुसळा.

डंप एक घेऊन भागत नाही. दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन घ्यावेत. एकाच डंपात दिसणारा थ्रेड तिथून सहज जाता जाता टिपला गेला असेल. तिन्हींत त्याच ओळीवर उभा असेल तर तो अडकला आहे. २०० पैकी १८० थ्रेड एकाच ओळीवर उभे दिसले की पुढचं वाचायची गरज नाही, चोर सापडला. 'ब्लॉक्ड' दिसले तर कुलूप कोणत्या थ्रेडच्या हातात आहे ते बघायचं. त्याचा पत्ता डंपातच असतो. सगळ्यांत फसवा शब्द 'रनेबल'. डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत सॉकेट रीडवर बसलेला थ्रेडही डंपात 'रनेबल'च दिसतो, कारण वाट बघणं ऑपरेटिंग सिस्टममध्ये चाललेलं असतं आणि जावाला वाटतं आपण काम करतोय. "सगळे थ्रेड रनेबल आहेत, म्हणजे प्रॉब्लेम नाही," असा निष्कर्ष काढून डंप परत पाठवणारे महाभाग असतात. शब्दाखालची ओळ वाचावी. ती सॉकेटची असेल तर शोध सर्व्हरच्या बाहेर न्यावा.

सीपीयू उलट १०० टक्क्यांवर असेल तर वेगळी वाट. टॉप या कमांडला 'एच' लावून प्रोसेसऐवजी थ्रेड दाखवायला सांगायचं, सगळ्यांत वर बसलेल्याचा क्रमांक घ्यायचा आणि तो दशमानातून हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) बदलायचा. २१३४५ चं हेक्स होतं ५३६१. मग डंपात एनआयडीपुढे (थ्रेडचा क्रमांक जिथे छापलेला असतो तिथे) ५३६१ शोधायचं. नव्या जावाने दया दाखवून हा क्रमांक दशमानातच छापायला सुरुवात केली आहे, पण मोठ्या संस्थांमध्ये नवी जावा हे दूरचं स्वप्न असतं. तो थ्रेड जीसीचा निघाला तर समजावं की कोड नाही, हीप (जावाची ऑब्जेक्ट ठेवायची मेमरी) भरली आहे.

हीपचा आलेख हा निष्पाप माणसांना घाबरवण्यासाठीच काढलेला असतो. तो करवतीच्या दात्यांसारखा वर जातो, जीसी झाली की खाली येतो, पुन्हा वर जातो. हे आरोग्याचं लक्षण आहे. तरीही 'हीप ८५ टक्क्यांवर गेली' असा ॲलर्ट जिथे तिथे लावलेला असतो आणि तो दिवसभर वाजत राहतो. बघायचं असतं ते दात्यांचं टोक नव्हे, तळ. मोठ्या जीसीनंतरही तळ दररोज थोडा थोडा वर सरकत असेल तर गळती आहे, म्हणजे वापरून झालेली मेमरी परत मिळत नाही. गळतीवर सर्वमान्य उपाय म्हणजे हीप वाढवणे. तासाला ५० एमबी गळत असेल आणि आपण ४ जीबी वाढवून दिली, तर मरण साधारण ८२ तासांनी पुढे जातं. म्हणजे मंगळवारी दुपारी पडणारा सर्व्हर आता शुक्रवारी मध्यरात्री पडतो. याला स्थैर्यात सुधारणा म्हणतात.

वाढवतानाही एक खड्डा आहे. साधारण ३२ जीबीच्या खाली जावा ऑब्जेक्टचे पत्ते आखडून चार बाइटांत बसवते. ती रेषा ओलांडली की पत्ते आठ बाइटांचे होतात, आणि ३१ जीबीची हीप ३३ केल्यावर तिच्यात पूर्वीपेक्षा कमी ऑब्जेक्ट मावतात. शिवाय एक्सएमएक्स या सेटिंगला (हीपच्या कमाल आकाराला) दिलेला आकडा म्हणजे प्रोसेसची एकूण भूक नव्हे. मेटास्पेस वेगळी, कोड कॅश वेगळा, डायरेक्ट बफर वेगळे आणि प्रत्येक थ्रेडच्या स्टॅकला ६४ बिट लिनक्सवर मुळात १ एमबीपर्यंत वेगळा. १६ जीबीच्या मशीनवर १५ जीबीची हीप देणारा माणूस ओओएम किलरला आमंत्रण देत असतो, आणि मग तो आला की "हीप तर पूर्ण भरलीच नव्हती" म्हणून आश्चर्य व्यक्त करतो.

आउट ऑफ मेमरी झाल्यावर हीप डंप (हीपची फाइलमधली नक्कल) आपोआप पडावा असा पर्याय जावाला देता येतो, आणि तो द्यावाच. पण डंप कुठे पडेल याची जागाही द्यावी. डंपाचा आकार जवळजवळ वापरातल्या हीपएवढा. १२ जीबीचा डंप लॉगच्याच डिस्कवर पडला, की मेमरीचा प्रॉब्लेम सुटायच्या आत डिस्कचा सुरू होतो. त्यात देखरेख करणाऱ्या स्क्रिप्टला वाटतं सर्व्हर उत्तर देत नाही, म्हणून ती डंप अर्धा लिहून झालेला असताना प्रोसेसला मायनस ९ घालते. मग विश्लेषणासाठी हाती येते ६ जीबीची एक निरुपयोगी फाइल.

डिस्कचा विषय निघालाच आहे. डिस्क १०० टक्के भरली की लॉग लिहिता येत नाही, आणि आपण का मरतोय हे सर्व्हरला कुठेच नोंदवता येत नाही. आरोपी बहुधा टॉमकॅटची 'कॅटलिना डॉट आउट'. ही फाइल आपणहून कधीच फिरत नाही, म्हणजे जुनी बाजूला ठेवून नवी सुरू होत नाही. सुरू करणारी स्क्रिप्ट कन्सोलचं सगळं आउटपुट तिच्यात ओतत राहते. कोणीतरी तपासासाठी डीबग लेव्हल चालू करतं, तपास संपतो, डीबग राहतो. मग रात्रपाळीचा उत्साही माणूस ती ४० जीबीची फाइल आरएमने उडवतो आणि बघतो तर डिस्कची जागा सांगणारं डीएफ अजूनही १०० टक्केच दाखवतंय. फाइलींचा आकार मोजणारं डीयू म्हणतं डिस्क निम्मी रिकामी आहे. दोघंही खरं बोलतात. फाइलचं नाव गेलं, पण जावाने ती उघडी धरून ठेवलेली असल्याने तिची जागा सुटलेली नाही. उघड्या फाइली दाखवणाऱ्या एलएसओएफला 'डिलीटेड' फाइली विचारल्या की ती भुतासारखी हजर होते. आता जागा सुटायला सर्व्हर रीस्टार्ट करायचा, नाहीतर प्रॉकमधल्या फाइल डिस्क्रिप्टरपाशी जाऊन ती शून्यावर कापायची. मुळात आरएम न करता फाइल जागच्या जागी रिकामी केली असती तर हे काहीच झालं नसतं. लॉग फिरवणाऱ्या लॉगरोटेटला 'कॉपीट्रंकेट' (नक्कल करून मूळ फाइल रिकामी कर) असं सांगून ठेवलं असतं तर तेवढंही करावं लागलं नसतं. आणि डीएफ ६० टक्केच दाखवत असूनही 'डिस्कवर जागा नाही' अशी एरर येत असेल, तर डीएफला 'आय' लावून आयनोड (प्रत्येक फाइलीला लागणारी डिस्कवरची नोंद) बघावेत. कुठल्यातरी टेम्प फोल्डरमध्ये अर्ध्या केबीच्या लाखो सेशन फाइली सुखाने नांदत असतात.

डेटाबेसची जोडणी ही वेगळी कटकट. वेबलॉजिकच्या डेटा सोर्समध्ये कमाल क्षमता मुळात १५, हिकारी पूलमध्ये (पूल म्हणजे तयार ठेवलेल्या जोडण्यांचा साठा) १०. पूल संपला की ॲप्लिकेशनवाले म्हणतात पूल वाढवा. ८ सर्व्हर, प्रत्येकी ५० म्हणजे ४०० जोडण्या. डेटाबेसवाले हा आकडा ऐकून तुमच्याशी बोलणं सोडतात. बऱ्याचदा पूल लहान नसतो, कोणीतरी जोडणी घेऊन परत करत नसतं. हिकारीत गळती ओळखायची वेळमर्यादा देता येते आणि मग परत न करणाऱ्याचा स्टॅक (कोडमधला माग) लॉगमध्ये छापला जातो, नावानिशी. ही सेटिंग चालू केल्यावर पूल वाढवायची मागणी चमत्कारिक वेगाने कमी होते.

पण रोज सकाळी पहिल्या लॉगिनलाच सर्व्हर बसत असेल तर पूलला दोष देऊ नका. रात्रभर पडून असलेली जोडणी मधल्या फायरवॉलने निष्क्रिय म्हणून मुकाट तोडलेली असते. मुकाट म्हणजे दोन्ही टोकांना न कळवता. पूलच्या वहीत ती जिवंत. सकाळचा पहिला माणूस तिच्यावरून क्वेरी पाठवतो आणि लिनक्स ती पुन्हा पुन्हा पाठवून साधारण १५ मिनिटांनी हार मानतो. टीसीपीचं कीपअलाइव्ह (पडून असलेली जोडणी जिवंत आहे का हे अधूनमधून विचारणं) यासाठीच असतं, फक्त लिनक्सवर ते मुळात ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी जागं होतं, आणि तेही ॲप्लिकेशनने सॉकेटवर मागितलं असेल तरच. फायरवॉलची मर्यादा बहुधा याच्या आतच असते. देण्याआधी जोडणी तपासून बघायची सेटिंग चालू करावी, जोडणीचं आयुष्य फायरवॉलच्या मर्यादेपेक्षा कमी ठेवावं, सॉकेट रीडला टाइमआउट द्यावा. हे सगळं सांगितल्यावर नेटवर्कवाले म्हणतात, "आमच्या बाजूने सगळं ठीक आहे."

इतका शोध घ्यायला वेळ कोणाला असतो? ब्रिज कॉलवर पाचव्या मिनिटाला कोणीतरी विचारतंच, "एकदा रीस्टार्ट करून बघूया का?" दुखणं डेटाबेसचं असो, फायरवॉलचं असो, रीस्टार्ट ॲप्लिकेशन सर्व्हरचाच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आणि गैरसोयीची गोष्ट अशी की त्याने थोडा वेळ बरं वाटतं, कारण रांगेत अडकलेले सगळे एका फटक्यात बाहेर फेकले जातात. म्हणून माझा एवढाच आग्रह असतो की आधी तीन डंप घेऊ द्या, तीस सेकंद लागतात. मग करायचाच तर नीट करा: नोड लोड बॅलन्सरमधून काढा, आतल्या विनंत्या संपू द्या, थांबवा, प्रोसेस खरोखर गेली का बघा, सुरू करा, स्वतः एकदा लॉगिन करून बघा, मगच परत आत घ्या आणि पुढच्याकडे वळा. सगळे नोड एकदम उठवले तर ते सगळे मिळून डेटाबेसवर एकाच सेकंदाला तुटून पडतात. थांबवा आणि सुरू करा यांच्यामध्ये 'प्रोसेस गेली का' हे न बघणारे लोक एकाच पोर्टसाठी दोन जावांची मारामारी लावून देतात, आणि तिसरा माणूस कुलपाची फाइल उडवायला धावतो.

ॲलर्टबद्दल बोलायचं तर वेबस्फिअरमध्ये एक सेटिंग आहे ती मला फार माणसाळलेली वाटते. अडकला म्हणून जाहीर केलेला थ्रेड नंतर सुखरूप काम संपवून आला, असं १०० वेळा झालं की सर्व्हर स्वतःच आपली मर्यादा दीडपट करतो. शंभर खोट्या आरोळ्यांनंतर तोही दुर्लक्ष करायला शिकतो. माणसाला शंभर लागत नाहीत. दहाव्या खोट्या ॲलर्टनंतर मेलबॉक्समध्ये एक नियम तयार होतो, ॲलर्ट परस्पर एका फोल्डरमध्ये जाऊ लागतात, आणि ज्या ॲलर्टने पुढचा अनर्थ टळला असता तो तिथेच इतर न वाचलेल्यांच्या गर्दीत सापडतो. म्हणून ९० टक्क्यांना वाजलेला ॲलर्ट ८९ ला शांत होऊ देऊ नये. ७५ ला होऊ द्यावा, नाहीतर तो रात्रभर उचक्या देत राहतो. क्षणाचं ऐकू नये, पाच मिनिटं सलग तशीच अवस्था राहिली तर बोलावं. ज्या ॲलर्टवर काहीच करायचं नसतं तो ॲलर्ट नसून तक्रार आहे. तो काढून टाकावा. आणि बाहेरून, वापरणाऱ्याच्या वाटेने, दर मिनिटाला एक खरं लॉगिन करून बघणारी स्क्रिप्ट लावावी. एवढी एक तपासणी सीपीयूच्या पन्नास आलेखांना भारी पडते. आणखी एक ॲलर्ट असा ठेवावा जो कायम वाजत असेल. तो गप्प झाला की समजायचं, निगराणीच मेली.

सरासरीवर मात्र विश्वास ठेवू नये. ९९ विनंत्यांना ०.१ सेकंद आणि शंभराव्या विनंतीला ३० सेकंद लागले तर सरासरी येते ०.४ सेकंद. अहवालात हिरवा रंग. तो शंभरावा माणूस बहुधा संचालक असतो. करारातल्या नवांचंही तसंच: ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद चालतं, ९९.९९९ म्हणजे सव्वापाच मिनिटं. पाच नवांची सही करणाऱ्याने एक मोठा सर्व्हर सुरू व्हायला किती वेळ लागतो ते एकदा घड्याळ लावून बघावं.

बाकीच्या गोष्टी कॅलेंडरच्या. बॅकअप, अहवाल, लॉगची फिरवाफिरव, सगळ्यांचं क्रॉन (ठरल्या वेळी काम सुरू करणारी सोय) रात्री बरोबर ००:०० ला लावलेलं, म्हणून बाराला दम लागतो. एखादं ००:१७ ला लावायला काय हरकत आहे हे मला कधी कळलेलं नाही. सर्टिफिकेट (साइटची ओळख पटवणारा डिजिटल दाखला) संपण्याची आठवण एका मेलबॉक्सला जाते, जो नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा असतो. पूर्वी हा सोहळा वर्षातून एकदा असायचा. ब्राउझर आणि सर्टिफिकेट कंपन्यांनी २०२५ मध्ये ठरवल्याप्रमाणे १५ मार्च २०२९ पासून सार्वजनिक सर्टिफिकेटचं आयुष्य जास्तीत जास्त ४७ दिवस असेल, त्यामुळे स्प्रेडशीटमध्ये तारखा लिहिणाऱ्यांनी आत्ताच स्वयंचलित व्यवस्था लावून घ्यावी. जावाच्या सीएसर्ट्स या विश्वासातली सर्टिफिकेट ठेवायच्या फाइलचा मूळ पासवर्ड 'चेंजइट' आहे. तो पासवर्ड नसून विनंती आहे हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

पॅचिंगमध्ये कसोटीचा काळ म्हणजे डिसेंबर २०२१. लॉगफोरजे या जावाच्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीतली सुरक्षेची ती त्रुटी जाहीर झाली, तीव्रता १० पैकी १०. सगळीकडे २.१५ चढवलं. मग कळलं २.१६ हवं. ते चढवलं तोवर २.१७ आलं, आणि महिना संपायच्या आत २.१७.१. पॅच चढवणं त्यातल्या त्यात सोपं होतं. ही लायब्ररी आपल्याकडे नक्की कुठे कुठे आहे हे शोधणं अवघड, कारण ती जारमधल्या जारमध्ये, वॉरच्या पोटात (जार, वॉर म्हणजे जावाच्या कोडची गाठोडी), कोणत्यातरी विक्रेत्याच्या बंद डब्यात बसलेली. कुठे काय चालतं याची यादी त्या आठवड्यात अनेकांनी पहिल्यांदा केली.

त्या यादीत प्रत्येक ठिकाणी एक मशीन असं निघतंच, ज्याचा अपटाइम चार आकडी दिवसांत आहे. ते कोणाचं हे कोणालाच माहीत नसतं. इतके दिवस रीबूट नाही म्हणजे इतक्या दिवसांतला बहुधा एकही कर्नल पॅच लागू झालेला नाही, आणि सुरुवातीच्या स्क्रिप्ट आज चालतील का हे कोणी तपासलेलं नाही. एखादा माउंट हाताने केलेला असेल, एखादी सेवा हाताने उठवलेली असेल, आणि तो हात आता दुसऱ्या कंपनीत आहे. मी रीबूटसाठी चेंज रिक्वेस्ट भरतो. तिच्यात 'रोलबॅक प्लॅन' (बदल फसला तर पूर्ववत कसं करणार) हा रकाना सक्तीचा आहे, रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नाही. रीबूटचा रोलबॅक काय असतो हे मंजुरी समितीला विचारलं, तर त्यांनी तो प्रश्न पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेतला आहे.